मुंगीचा ताप

तापाच्या वॉर्डातून मोजे गोळा करून आणणं हे थोरलीचं काम. नवख्या माणसाला सांगितलं की तो आधी हसायचाच. ती नोकरीला होती संशोधन केंद्रातल्या डासांच्या खोलीत. डासाला ओढ असते माणसाच्या अंगाच्या वासाची, आणि तो वास सगळ्यात चांगला मुरतो मोज्यांत. म्हणून रात्रभर आजारी मुलांच्या पायांत राहिलेले मोजे ती सकाळी एका पिशवीत बंद करायची, धडधाकट मुलांचे दुसरीत, आणि दोन्ही पिशव्या घेऊन केंद्राच्या मागच्या दाराने आत शिरायची.

"आल्या बघा मोजेवाल्या बाई!" काका म्हणायचे. काका म्हणजे त्या खोलीतले जुने जाणते. डासांचा पाहुणचार करता करता त्यांचे केस पिकले होते.

त्या खोलीत दिवसाची रात्र केलेली असे. हे डास अंधारात चावणारे आणि माणसं उजेडात कामावर येणारी, म्हणून दिवे रात्री जळायचे आणि दिवसा विझायचे. बाहेर रणरणतं ऊन, आणि दार लोटून आत पाऊल टाकलं की काळोख, दमट ऊब, साखरेच्या पाण्याचा आंबूस वास आणि चारी बाजूंनी ती बारीक गुणगुण. एक मिणमिणता लाल दिवा तेवढा असायचा. त्या दिव्यात थोरली काचेच्या लांब नळीच्या एका टोकाला आजाऱ्याचा मोजा ठेवी, दुसऱ्या टोकाला निरोग्याचा, आणि मधून डास सोडी. जास्त डास आजाऱ्याकडे जात. पुन्हा पुन्हा करून बघितलं तरी तेच.

"जंतू मोठा लबाड," काका सांगायचे. "त्याला दुसऱ्या घरी जायचं असतं. पाय नाहीत, पंख नाहीत. मग काय करतो, आजाऱ्याच्या अंगाचा वासच बदलून टाकतो. डासाला आवतण धाडतो. डास बिचारा हमाल! इथलं ओझं तिथे."

पूर्वी थोरली यावर हसायची. मुंगी गेल्यापासून ती फक्त मान हलवायची.

मुंगी तिची धाकटी बहीण. लहानपणापासून सारखी कुणाच्या तरी मागे मागे, म्हणून मुंगी. थोरलीच्या पाठीवर किती वर्षांनी झालेली, घरातलं शेंडेफळ. मागच्या वर्षी तिला ताप आला. घरात सगळ्यांना वाटलं, साधा ताप, येतो तसा जाईल. वॉर्डात नेली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. खिडकीजवळच्या खाटेवर ती गेली. आता थोरली ज्या खाटांवरून मोजे गोळा करायची, त्यांतलीच ती एक खाट.

वडील कधीचे वारलेले. घरात उरल्या त्या दोघी मायलेकी. पुढच्या खोलीत थोरली झोपायची, आतल्या खोलीत आई. आईच्या खाटेशेजारी, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, मुंगीची खाट. आईने ती हलवू दिली नव्हती. दिवे लागायच्या वेळी ती रोज त्या रिकाम्या खाटेवरची मच्छरदाणी सोडायची, कड गादीखाली नीट खोचायची आणि सकाळी परत वर गुंडाळायची. थोरलीने कधी हटकलं नाही. कुणाचं दुःख कशाला धरून बसेल, सांगता येत नाही.

एका संध्याकाळी थोरली आत गेली ती आईची शाल घ्यायला. खिडकीत अजून थोडा उजेड होता. आईच्या मच्छरदाणीवर एकही डास नव्हता. मुंगीच्या मच्छरदाणीवर मात्र ते बसले होते. एक-दोन नव्हेत, दाटीवाटीने, आणि तेही सगळीकडे नाही. उशीच्या बाजूला. माणसाचं डोकं जिथे असतं तिथे.

थोरली बघतच राहिली. डास येतो तो श्वासाच्या मागावर, हे तिला कळत होतं. श्वास, ऊब आणि वास. रिकाम्या खाटेला यांतलं काय असतं?

दुसऱ्या दिवशी तिने मच्छरदाणी उकळत्या पाण्यात धुतली. उशीचा अभ्रा बदलला, चादर बदलली, गादी उन्हात टाकली. संध्याकाळी डास हजर. मग तिने दोन्ही खाटांवरच्या मच्छरदाण्यांची अदलाबदल केली. डासांना मच्छरदाणीशी काही देणंघेणं नव्हतं. ते त्या खाटेपाशीच आले. त्या रात्री तिला डोळा लागला नाही, आणि सकाळी आईने मच्छरदाणी उचलायच्या आधी ती आत वाकून बघायला गेली. बाहेरच्या बाजूचे डास रोडके, भुकेले होते. आतल्या बाजूला तीन डास बसले होते. त्यांची पोटं तट्ट फुगलेली, आणि लाल.

तिने त्यांतला एक परीक्षानळीत धरला आणि केंद्रात नेला.

काकांनी पोट फोडून काचेवर थेंब पसरला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "माणसाचं रक्त. ताजं आहे, रात्रीचंच." मग म्हणाले, "आणि जंतूंनी भरलंय गं. कुठल्या पोराचं हे? फार आजारी दिसतंय..."

थोरलीने हात पुढे केला. "काका, माझं बोट टोचा. माझं रक्त बघा."

तिचं रक्त स्वच्छ होतं. दुपारी ती घरी जाऊन आईच्या बोटाचा थेंब घेऊन आली. तेही स्वच्छ. काकांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं पुढे तिला कितीदा वाटलं, पण एवढी गोष्ट एकटीच्या पोटात मावेना. आईला धक्का बसेल, ती रडेल असं तिला वाटलं होतं. आई शांतपणे ऐकत राहिली.

"मला माहितेय," आई म्हणाली. "पहाटे तिला थंडी भरते. खाट वाजते."

"आई...!"

"मी हात लावते मच्छरदाणीवरून. मग थरथर थांबते जरा." आई हातातल्या शालीची दशी ओढत होती. "एक सांग. तो डास तिचं रक्त पितो. मग पुढे?"

थोरलीला वाटलं, बोलत राहिली तर आई भानावर येईल. तिने काकांसारखंच समजावून सांगितलं. जंतू डासाच्या पोटात वाढतो, दहाबारा दिवसांनी डास दुसऱ्याला चावतो, आणि जंतू त्या दुसऱ्याच्या रक्तात उतरतो.

"म्हणजे तिच्यातलं थोडं दुसऱ्यात येतं."

"तिच्यातलं नाही गं, आजारातलं. आई, उद्या ती खाट मी काढून टाकणार आहे."

"महिनाभर थांब," आई म्हणाली. "एवढं ऐक माझं. मग तुला काय करायचं ते कर."

थोरली थांबली. आई त्या दिवसांत बरी वाटत होती, हीच तिची फसगत झाली. आई जेवायला लागली होती, वेणी घालायला लागली होती. कधी कधी आतून तिचा बोलण्याचा आवाज यायचा, हलका, झोपवताना बोलतात तसा. थोरली पुढच्या खोलीत कानांवर उशी दाबून पडून राहायची.

महिना संपता संपता एका सकाळी आई उठलीच नाही. तिचे दात वाजत होते. अंगावर तीन पांघरुणं असून खाट थरथरत होती आणि कपाळावर हात ठेववत नव्हता. तिला उचलताना थोरलीचं लक्ष गेलं. मुंगीच्या मच्छरदाणीला आईच्या बाजूने एक भोक होतं. फाटलेलं नव्हे. कात्रीने कापलेलं, गोल, मनगट जाईल एवढं. आईच्या मच्छरदाणीलाही त्याच्या बरोब्बर समोर तसंच दुसरं. आणि आईचा डावा हात कोपरापर्यंत चाव्यांनी माखलेला होता.

वॉर्डात डॉक्टर म्हणाले, "हिवताप. तुमच्या भागात यंदा एकही पेशंट नाही, नवल आहे. पण वेळेवर आणलंत. बऱ्या होतील."

आई मात्र गोळ्या घेईना. तोंड घट्ट मिटून घ्यायची. नर्स समजावून दमली, डॉक्टर रागावून गेले. थोरली गोळी तळहातावर घेऊन खाटेच्या कडेला बसली.

"नको देऊस," आई पुटपुटली. तापाने तिचे डोळे लाल झाले होते आणि त्यांत एक भलतंच सुख होतं. "हे तिचं आहे. तिच्या अंगात होतं, आता माझ्या अंगात आहे. एवढंच उरलंय गं तिचं... ते मारायला सांगतेस मला?"

बहीण गेली तेव्हाही थोरली सगळ्यांसमोर रडली नव्हती. कुणीतरी उभं राहायला हवं होतं म्हणून ती उभी राहिली होती. आता तिचा बांध फुटला.

"आणि मी कोणाची, आई? मी नाही का तुझी?" ती म्हणाली. "तीच गेली का फक्त? मी मागे राहिले तो माझा गुन्हा झाला? तू पण गेलीस तर मी दार उघडून कुणाला हाक मारू?"

वॉर्डातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. आई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होती, जणू वर्षभरात पहिल्यांदाच ती तिला दिसत होती. मग तिने चाचपडत थोरलीचा हात धरला आणि तोंड उघडलं.

चार दिवसांनी आई घरी आली. उरलेल्या गोळ्या घरी घ्यायच्या होत्या. आता ती तक्रार करत नव्हती. पेला उचलायची, मान मागे टाकायची, रिकामा पेला खाली ठेवायची. थोरलीने मच्छरदाण्यांच्या भोकांना जाड कापडाची ठिगळं लावली. संध्याकाळचे डास अजून येत होते. पण दिवसागणिक कमी होत गेले. एके दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि मग एक संध्याकाळ अशी आली की मुंगीची मच्छरदाणी पांढरीशुभ्र, मोकळी होती. एकसुद्धा डास नव्हता.

त्याच्या दुसऱ्या सकाळी थोरली अभ्रे धुवायला काढायला आत गेली. मुंगीची उशी भिजली होती. चादर पाठीच्या आकारात ओली होती. पाण्यासारखी नव्हे; हाताला किंचित कोमट, आणि वास खारट. असा वास तिने वॉर्डात शेकडो वेळा घेतला होता. ताप उतरताना येणाऱ्या घामाचा.

"आई," ती आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाली, "गोळ्या सगळ्या घेतल्यास ना तू?"

आई चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. "अर्ध्या घेतल्या," ती म्हणाली. "अर्ध्या तिला दिल्या. तिला त्या वेळी मिळाल्या नव्हत्या ना वेळेवर..."

थोरली तिला घेऊन धावत केंद्रात गेली. अर्ध्या गोळ्यांवर हा ताप जात नाही, उलट चवताळून परततो. काकांनी काच तीनदा तपासली. आईच्या रक्तात एकही जंतू नव्हता.

परतीच्या वाटेवर दोघी हळूहळू चालत होत्या. आईने थोरलीचा दंड धरला होता, लहान मूल धरतं तसा.

"बरी झाली आता ती," आई म्हणाली. "आता जाईल. आजारी पोर कुठे जाणार होतं एकटं?"

खरं असो, खोटं असो, आईच्या तोंडून 'जाईल' हा शब्द पहिल्यांदाच आला होता. थोरलीने आईच्या हातावर हात ठेवला. "उद्या खाट काढू?"

"काढ. आज रात्री तेवढी मच्छरदाणी सोडते. शेवटची."

त्या मच्छरदाणीला पुढून फट होती आणि ती मिटायला दोन नाड्या. आईने कड खोचली, नाड्या बाहेरून बांधल्या, वर्षभर बांधत होती तशाच. मग दिवा मालवून ती पुढच्या खोलीत आली आणि थोरलीच्या कुशीत निजली. कितीतरी महिन्यांनी दोघींना गाढ झोप लागली. थोरलीचा हात रात्रभर आईच्या अंगावर होता.

सकाळी चांगलं उजाडल्यावर थोरली आत गेली. ऊन खिडकीतून खाटेवर पडलं होतं. खोलीत कसला आवाज नव्हता, गुणगुण नव्हती. तिला वाटलं, घर खरंच हलकं झालंय. थोडं रडूही आलं. तिने डोळे पुसले आणि मच्छरदाणी सोडवायला हात पुढे केला.

नाड्या हाताला लागेनात. तिने फट वरपासून खालपर्यंत चाचपली, मग गुडघे टेकून जाळीतून आत बघितलं.

दोन्ही नाड्या आत ओढून घेतल्या होत्या. गाठ आतून मारलेली होती.