जिन्याखालचा प्लग

स्वयंपाकघरातला नळ घसा खाकरल्यासारखा वाजला, खर्र... खर्र..., आणि रविवार सकाळची गच्च शांतता फुटली.

चार दिवसांनी पाणी येत होतं. एरवी त्या आवाजासरशी मी हंडा घेऊन खाली धावले असते. पण त्या दिवशी जागची हलले नाही. कंप्युटरच्या पडद्यावर मिहिर होता, आणि समोर खुर्चीत दोन उशांवर बसून आमची सावनी त्याला आपला हलणारा दात दाखवत होती.

"बघ ना बाबा, असा हलतो—"

मिहिर हसला... आणि हसता हसताच थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मग ते चित्रही गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात उरली एक लाल फुली.

"आई, बाबा गेला."

मिहिर आणि मी वेगळे झालो त्याला वर्ष होत आलं होतं. तो बंगळूरला, मी लेकीला घेऊन औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत. परीक्षेची गाइडं टाइप करून घर चालवत होते. सावनी कुणाकडे राहणार, हे कोर्टात ठरायचं होतं. तोवर दर रविवारी अकरा ते साडेअकरा बापलेकीनं कंप्युटरवर भेटायचं, असा हुकूम होता. आणि ही भेट मध्येच तुटायची ही दुसरी खेप होती. मोबाईलवर लावून पाहिलं, तर चित्र जागचं हलेना. मिहिरचा मेसेज मात्र आला. दोनच शब्द— "परत? मुद्दाम?"

मी दार उघडून जिन्यात धावले. इंटरनेटची निळी वायर आमच्या खिडकीतून निघून जिन्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत जायची, एवढंच मला माहीत होतं. मान वर करून वायर बघत उतरत होते, आणि कुणावर तरी आदळले. दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले झाले.

"अहो, चार दिसांनी आलंय ते पाणी," खालून आवाज आला. "पायावर घ्यायचं नाय, प्यायचं असतंय."

हातात बादली, बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम. तळमजल्यावर नुकतेच राहायला आलेले मायलेक होते, त्यातला हा लेक. वैजापूरकडचा, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला... एवढं कानावर आलं होतं.

"सॉरी... माझं नेट गेलंय," मी म्हटलं, आणि माझा आवाज असा फाटला की तो हसायचा थांबला. बादली तिथंच पायरीवर ठेवली.

"चला, बघू."

त्यानं कंप्युटरमागून वायरचं टोक काढलं, उजेडात धरलं. "क्लिप तुटलीये हिची. म्हणून ढिली बसती. काडेपेटी आहे?"

काडीचा तुकडा फटीत ठोकून त्यानं टोक घट्ट बसवलं. बराच वेळ काही नाही... आणि मग अचानक मागे हिरवा दिवा लुकलुकला.

"झालं, मॅडम."

"मॅडम नका म्हणू. मी शाळेत शिकवत नाही. मनस्विनी."

"मी आदिनाथ." तो दारापर्यंत गेला, वळला. "बरं झालं सांगितलंत. मॅडम नाय, तर मग काय म्हणावं, हा प्रश्नच होता. ताई तर मी म्हणणार नव्हतो."

आणि गेला. भेटीची वेळ तोवर टळून गेली होती. मी मात्र कितीतरी वेळ त्या काडीकडे बघत बसले. भीतीनं छाती धडधडत होती... निदान मी तरी ती भीतीच धरून चालले.

त्याच आठवड्यात मिहिरच्या वकिलाची नोटीस आली. आई जाणूनबुजून लाइन तोडते. आणखी एकदा असं घडलं तर मुलीचा ताबा तातडीनं मागू. माझ्या वकीलबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला. "हे बघ, नेट काय ते नीट करून घे. आणि दुसरं— निकाल लागेपर्यंत घरात कुणी पुरुष माणूस येता-जाताना दिसायला नको. त्यांना एवढंही पुरतं."

मी मान हलवली. सांगायचं काय, आणि होतंच काय?

पण नेट जातच राहिलं. रविवार कसेबसे निभावत होते, मधल्या वारी मात्र जायचं. नेटच्या कंपनीचा माणूस यायचा तेव्हा सगळं ठणठणीत असायचं. तो मलाच डोळे तपासायला सांगून जायचा. मग वकीलबाईंचं सांगणं बाजूला सारून मी जिन्यातून हाक मारायचे, आणि आदिनाथची पाळी नसली की तो पाण्याची बादली टाकून वर यायचा. एकदा त्यानं वायरच नवी घातली, दिवा लागला. एकदा कंप्युटरच्या मागचं भोक जुन्या दातब्रशनं घासलं, दिवा लागला. दर वेळी आम्हाला वाटायचं, सापडलं दुखणं! आणि चार दिवसांनी पुन्हा लाल फुली.

"तुमच्या हाताला गुण आहे," मी एकदा म्हटलं.

"गुण असता तर दुखणं परत आलं नसतं." मग जरा थांबून, वायरकडेच बघत, "...अर्थात, आलं तरी माझी तक्रार नाय."

एका दुपारी त्यानं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, काही आकडे टाइप केले.

"हे काय?"

"आपण पलीकडं आवाज द्यायचा. वाट मोकळी असली की तिकडून ओ येती."

पडद्यावर ओळी उमटत होत्या. उत्तर नाही. उत्तर नाही.

"आणि ओ नाही आली तर?"

"परत आवाज द्यायचा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. उघड्या खिडकीतून उन्हाची झळ येत होती, पंख्याचं वारंसुद्धा तापलेलं... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी उठले. उगीचच उठले. म्हटलं, चहा टाकते.

"पाणी पुरवून वापरा," तो म्हणाला. "अर्धाच टाका. दोघांत."

सावनीला तो मेंढ्यांचे आवाज काढून दाखवायचा. म्हाताऱ्या मेंढीचा वेगळा, भुकेल्या कोकराचा वेगळा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. दुष्काळात ती विकावी लागली, तेव्हा आई बानाबाई शहरात लेकाकडे आली. ती जिन्यात बसून मला विचारायची, "काय गं लेकी, ह्या गावाला इमारती हायेत, हाटेलं हायेत, बायपासला तर बघावं तिकडं नवी बिल्डिंग. मंग पानी कुटं ठिवलंय म्हनायचं ह्यांनी?"

आणि मग तो दिवस आला. नळ वाजला, फुली आली, आदिनाथ वर आला. वायरचं टोक उघडलं आणि म्हणाला, "बारका पेचकस खालीच राहिला, आणतो." गेला... तो लवकर आलाच नाही. आला तेव्हा रिकाम्या हातानं, दारातच उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"दुखणं सापडलं," तो म्हणाला. "माझ्याच घरात निघालं."

जिन्याखाली अख्ख्या बिल्डिंगचं एकच सॉकेट होतं. वरच्या पेटीला वीज तिथून जायची, एका लहानशा काळ्या प्लगानं. पाणी आलं की बानाबाई तो प्लग काढायची, तिथं गच्चीच्या टाकीवर पाणी चढवायची मोटार लावायची, आणि पाणी गेलं की प्लग इमानदारीनं परत खोचायची. इकडे वर आम्ही काड्या ठोकत, ब्रश घासत असायचो. तेवढ्यात पाणी संपायचं... आणि दिवा लागायचा.

"मी खाली जाऊन बघतो तर आये प्लग हातात घेऊन उभी. म्हणली, तूच तर म्हनला हुतास, कुणाचं तरी चार्जर दिसतंय, काढून ठिवत जा. आणि खरंय ते. राहायला आलो त्याच दिवशी मीच म्हणलो होतो."

मी सगळं एकदम बोलून टाकलं. मिहिर, कोर्ट, नोटीस, आणखी एकदा तुटलं तर काय होईल ते. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, माझं टायपिंगचं काम अडतंय. बोलता बोलता मी वायरचं सुटं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्यानं हात पुढे केला... आणि मध्येच मागे घेतला.

"आणि वकीलबाई म्हणतात, घरात कुणी यायला नको," मी म्हटलं. "तेव्हा आता... येऊ नका तुम्ही."

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं. जिन्यावरून उतरताना त्याची चप्पल वाजली नाही, इतका हळू गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बानाबाईकरवी निरोप धाडला. दोन्ही एका वेळी चालावीत म्हणून त्यानं जादा बोर्ड लावून पाहिला होता. पण मोटार सुरू झाली की वीज इतकी दबायची, की पेटी बंद पडायची.

"आदिनाथ म्हनतोय," बानाबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाली, "मोटार आन्‌ पोरीचा बाप, दोन्ही एका टायमाला नाय जमत. पन तू जिवाला लावून घिऊ नकू. आमच्यात रानात पान्यावर गेलं की आधी कोकरांची बारी. मंग मोठ्यांची."

रविवार उजाडला. सावनीच्या दोन वेण्या घातल्या. त्या घालताना माझी बोटं इतकी गार होती की ती ओरडली, "आई, बर्फ!" अकरा वाजले. मिहिर दिसला. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, फ्रिजला टेकून उभी राहिले. आज पाणी येऊ नये... दुष्काळात असलं मागणं मागायची वेळ माझ्यावर आली होती.

आणि नळ खाकरला. खर्र... खर्र...

माझे डोळे मिटले गेले. आता थिजेल. आता जाईल.

जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. वरच्या मजल्यावरचे सर्जेराव, एसटीतून रिटायर झालेले. "अरे आदिनाथ, हो की बाजूला! पाच दिवसांनी आलंय पाणी! लाव मोटार!"

"साडेअकराला लावतो, काका."

"तोवर राहतंय व्हय पाणी? मॅडमच्या कंप्युटरला काय तहान लागते का?"

"काका, त्यांना वकिलाची नोटीस आलीये, लाइन तुटून चालायचं नाय. मी हितून हलणार नाय."

मग बानाबाईचा खणखणीत आवाज— "सर्जेराव, गळा ताणन्यापरीस बादली उचला! आदिनाथ, तू बी उचल, प्लगापाशी मी बसते. मी दीड कोसावरनं डोक्यावर आनलंय पानी. हे तर तीन जिने हायेत, न्‌ वर सावली हाय!"

आणि भांड्यांचे आवाज सुरू झाले. हंडे, बादल्या, पायांची धापधूप. बिल्डिंगमधली माणसं मोटार न लावता पाणी वर वाहत होती... माझ्या लेकीसाठी. कण्हत, एकमेकांना टोचत. "नोटीस हिला, कंबर माझी!" हे सर्जेराव. मी डोळे उघडले. मिहिर पडद्यावर हलत होता. जिवंत.

"सावनी, कसला आवाज आहे गं तो?" त्यानं विचारलं.

"पाणी आलंय! आदिकाका वर नेतोय."

"...कोण आदिकाका?"

फ्रिजचा दांडा मी घट्ट धरला. वकीलबाई, नोटीस, कोर्टाचा तो लाकडी बाक, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पळत जाऊन तिचं तोंड धरावं असं वाटलं. पाऊल उचलेना.

"खालचा. बानाआजीचा," सावनी दात हलवत म्हणाली. "त्याला कोकराचा आवाज काढता येतो."

पडद्यावर मिहिर पुढे झुकला.

"काढून दाखव बघू," मिहिर म्हणाला.

तिनं काढला. मान ताणून, डोळे मिटून, अगदी भुकेल्या कोकराचा. आणि मिहिर हसला, त्या पहिल्या रविवारी हसला होता तसाच. यावेळी ते हसू थिजलं नाही, शेवटपर्यंत पोहोचलं. हसताना त्यानं डोळे पुसले की माझा भास... कोण जाणे.

साडेअकरा वाजले. जाताना तो म्हणाला, "आईला सांग, लाइन चांगली होती आज." त्यात राग होता, टोमणा होता की नुसतंच खरं होतं, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

खाली मोटार घरघरली. कोपऱ्यात लाल फुली आली, आणि तिला पहिल्यांदाच मी घाबरले नाही.

दार वाजलं. आदिनाथ. शर्ट चिंब, तळहात बादलीच्या कड्यानं लालभडक. भरलेली बादली त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवली आणि भिंतीला लागून उभा राहिला— बरोबर तिथं, जिथलं कॅमेऱ्यात दिसत नाही. ती जागा त्याची त्यानंच हेरलेली.

"बंद झालं ना?"

"झालं."

"मग ही तुमची बादली. सांडली नाय यावेळी."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. त्यानं खाली मान घातली.

"निकाल लागेपर्यंत मी वर येणार नाय," तो म्हणाला. "रविवारी खाली बसेन, प्लगापाशी. तुम्ही घाबरायचं नाय. आणि सगळं मिटलं की... मग एकदा आवाज देईन."

"आणि ओ नाही आली तर?"

"परत देईन."

मी त्याच्या लाल तळव्यांकडे बघितलं. निकाल काय लागेल, केव्हा लागेल, लेक राहील की जाईल... काही म्हणजे काही माहीत नव्हतं. भीती होती तिथंच होती. तरी माझे ओठ हलले.

"ओ," मी म्हटलं. इतकं हळू, की बादलीतल्या पाण्यालाही कळलं नसेल.

त्याला कळलं. त्यानं मान वर केली—

तेवढ्यात उशांवरून उडी मारून सावनी आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. आधी काळ्या पडद्याकडे बघितलं, मग भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या आदिनाथकडे, मग माझ्याकडे.

"आई, बाबा कंप्युटरमध्ये दिसतो, पण घरी येत नाही. मग आदिकाका घरी येतो, तर त्यानं कंप्युटरमध्ये का नाही दिसायचं?"