पुण्याचं खोटं स्थळ

"मॅडम, मागं सरा! त्यो लाथा झाडतोय..."

कुणीतरी दंडाला धरून भार्गवीला बाजूला ओढलं. काष्टीचा जनावरांचा बाजार, भर गर्दी, नाकातोंडात धूळ... ती रागवायला म्हणून वळली आणि रागवायचं राहूनच गेलं. समोरच्या माणसाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डोक्यावर टोपी आली होती. डोळे मात्र तेच – ओठांच्या आधी हसणारे.

"बिभीषण?"

"वळखलंत म्हनायचं!" तो म्हणाला. दंड सोडायचं त्याला जरा उशिराच सुचलं.

अठ्ठावीस वर्षं! या अठ्ठावीस वर्षांत भार्गवीने काय केलं नव्हतं? पुण्यात प्रोग्रॅम लिहिले, जर्मनीत लिहिले, मग सल्लागार होऊन देशोदेशीच्या कंपन्यांचे गुंते सोडवत फिरली. लग्न तेवढं केलं नाही. आणि आता बावन्नाव्या वर्षी सगळा पसारा आवरून ती नगरला, आपल्या गावी, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आली होती. जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी तिच्या विद्यार्थ्यांनी एक अ‍ॅप केलं होतं, ते बाजारात चालतंय का हे बघायला आज सगळी वरात काष्टीला आली होती. एवढं जग बघितलेल्या बाईला बैलाच्या मागे उभं राहू नये हे कळत नाही, असं बिभीषणने पुढच्या पाच मिनिटांत तिला तीनदा ऐकवलं.

"अ‍ॅप झकास हाय," मुलांचा मोबाईल हातात घेऊन तो म्हणाला. "पन ह्यात बैलाचे दात कुठं बघायचे?"

"फोटो टाकलाय ना काका," एक मुलगा म्हणाला.

"फोटोत जबडा उघडून दावतो व्हय बैल? दात बघून वय कळल्याबिगर हितं कुनी दाव्याला हात लावत न्हाई."

मुलं हसली. भार्गवीही हसली... पुष्कळ दिवसांनी, मोकळं.

"तेव्हाही माझ्या चुका तूच काढायचास."

"तुमी करायचात, म्हनून मी काढायचो."

"तुमी काय रे? तू म्हणायचास की मला."

"तवा पोरगी हुतीस. आता मॅडम झालात."

"आत्ताच बैलाच्या लाथेतून वाचलेली मॅडम आहे. तू म्हण."

त्याने टोपी जरा मागे सरकवली. "बरं... च्या घेतीस?"

तेव्हा म्हणजे नगरच्या सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात दोघं शिकवायचे तेव्हा. ती शाळामास्तरांची मुलगी, तो काष्टीजवळच्या वस्तीवरून एसटीने येणारा शेतकऱ्याचा मुलगा. डिप्लोमा झालेला, हुशार, बोलायला मोकळा आणि एका बाबतीत महालाजरा. दुपारी त्याची भाकरी ती खायची, तिचे पोहे तो. एकाच पडद्याकडे बघत तासन् तास बसायचे, पण मनातलं दोघांच्याही ओठांवर येत नव्हतं.

भार्गवी नुकतीच एक गोष्ट शिकली होती. नवा प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्याआधी त्यात मुद्दाम खोटी माहिती भरतात आणि तो कसा वागतो ते बघतात. तिला वाटलं, माणसालाही असंच बघावं. एका दुपारी डबा उघडता उघडता ती सहज म्हणाली, "पुण्याचं स्थळ आलंय. मी हो म्हणणार आहे." पुण्याचं काय, कुठलंच स्थळ आलं नव्हतं. 'नको म्हणूस' एवढे दोन शब्द तिला त्याच्या तोंडून ऐकायचे होते. बस्स.

बिभीषणने नजर पडद्याकडे वळवली. मग म्हणाला, "चांगलं झालं. पोरगा शिकल्याला असंल." आठवड्याने त्याने क्लास सोडला. हा परीक्षेत नापास झाला, असं भार्गवीने ठरवून टाकलं आणि पुण्याची नोकरी धरली. किती शहाणी होती ती!

बाजारातल्या त्या चहानंतर फोन सुरू झाले. कधी कांद्याच्या शेताचा फोटो, कधी 'बैलांपासून जपून' असा निरोप. वर्गात शिकवता शिकवता भार्गवी मध्येच हसायची आणि मुलं एकमेकांकडे बघायची. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती, हे तिला एव्हाना कळलं होतं. ते ऐकून वाईट वाटलं... आणि वाईट वाटण्याच्या खाली जे वाटलं, त्याची तिला लाज वाटली. पण ते गेलं नाही. मोरपंखी साडी बऱ्याच वर्षांनी कपाटाबाहेर आली.

"हुरड्याला ये रविवारी," तो म्हणाला. "तुला कायतरी सांगायचंय."

"मलाही," ती म्हणाली.

ज्वारीच्या रानाच्या कडेला आगटी पेटली होती. गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या कणसांचा खरपूस वास, पौषातलं कोवळं ऊन. त्याची लेक रुपाली माहेरपणाला आली होती. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "मावशी, लाजायचं न्हाई हं. मी ताक घिऊन येते," आणि वस्तीकडे गेली.

बिभीषणने गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे भार्गवीच्या ओंजळीत ओतले.

"भाजलं का?"

"तुझे हात भाजले असतील."

"मला सवं हाय." तो हसला. "बोल, काय सांगायचंय? आधी तू."

तिने दाणे तसेच मुठीत धरले. "ते पुण्याचं स्थळ... ते खोटं होतं, बिभीषण. कुणीच नव्हतं. तू नको म्हणतोस का, ते मला बघायचं होतं."

तो काडीने निखारे हलवत राहिला.

"त्याच आइतवारी आमी तुमच्या घरी येनार हुतो," शेवटी तो म्हणाला. "मी आन वडील. मागनी घालाया. तू सांगितलंस, मग वडलांना म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

भार्गवीच्या डोळ्यांपुढचं रान पुसट झालं. "तू मला का नाही सांगितलंस?"

"तू हो म्हननार हुतीस न्हवं? मी तुज्यावर इस्वास ठेवला." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "बैलाचे दात बघत्यात, भार्गवी. मानसाचे कशाला बघायचे?"

भार्गवीने मुठीतल्या दाण्यांकडे बघितलं.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "म्होरल्या महिन्यात लगीन करतोय मी. मिरजगावच्या शाळंत बाई हायत, शोभा. त्यांचंबी मानूस गेलंय. रुपालीनंच जमवलं."

भार्गवीने त्याच्याकडे निरखून बघितलं. हा उट्टं काढतोय का? तेव्हाची परतफेड? तेव्हा ती बोलली होती तेवढ्याच सहजपणे बोलला, तसंच पुढ्यात बघत... असेना परीक्षा! या वेळी ती 'चांगलं झालं' म्हणणार नव्हती.

"नको करूस," ती म्हणाली. "तिच्याशी नको. माझ्याशी कर. मी राहीन इथे, वस्तीवर, नगरला, तू म्हणशील तिथे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तेव्हाही होतं."

उभ्या आयुष्यात ती इतकं उघडं कधी बोलली नव्हती. बिभीषणने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"खरंच हाय गं ते," तो हळूच म्हणाला. "मी तुझी परीक्षा न्हाई घेत."

"शब्द दिलायस म्हणून...?"

"शब्द तर दिलाच हाय. पन नुसतं तेवढंच न्हाई." त्याने गुडघ्यावरची टोपी सारखी केली. "आवडत्यात त्या मला."

भार्गवीने मान हलवली. पुन्हा हलवली. हुरडा मुठीतच गार झाला होता. रुपाली ताकाची चरवी घेऊन आली तेव्हा दोघं ज्वारीच्या उताऱ्याबद्दल बोलत होते. भार्गवीने ताकही घेतलं आणि चटणी फार छान झालीय म्हणून सांगितलं.

निघताना तो गाडीपर्यंत आला. खिडकीशी वाकून म्हणाला, "बावीस तारीख हाय. येशील न्हवं लग्नाला?"

'येईन' म्हणणं किती सोपं होतं! ऐन वेळी कॉलेजातल्या परीक्षेचं, तब्येतीचं काहीतरी कारण सांगता आलं असतं. पण ती येईन म्हणाली असती, तर हा माणूस मांडवात तिची वाट बघत थांबला असता.

"नाही येणार," भार्गवी म्हणाली. "मला बघवणार नाही, बिभीषण."