कापलेले श्वास

या, जरा जवळ सरका. एक हकीकत सांगते, पण गोष्ट म्हणून ऐकू नका. देवाशप्पथ खरं आहे. आमच्याच घरात घडलं. मागच्या खोलीत, भर दुपारी.

माझे धाकटे दीर चित्रकार. संगणकावर असं काही रचायचे, की गाण्याच्या चढउतारावर भिंतीवरची चित्रं हलायची.

त्यांच्या आत्याबाई देवाचं गाणं जीव ओतून गायच्या. शेवटी छाती कफानं भरली होती. तरी भाऊजींसाठी एक भजन रेकॉर्ड करून दिलं... आणि गेल्या.

प्रदर्शनासाठी भाऊजींनी तो आवाज साफ करायला घेतला. ओळींमधला एकेक श्वास कापून टाकला.

"अहो, श्वास कशाला कापता?"

"वहिनी, नुसती घरघर आहे. चित्रावर डाग उठतात तिचे. लोक नाक दाबून पळतील!"

ओळीला ओळ जोडली. लावलं.

आवाज गोड. पण दम घेईचना...

मग घुसमटू लागला. भिंतीवरचं चित्र काळंनिळं पडलं.

स्पीकरच्या जाळीवर काहीतरी चकाकलं. मी बोट लावलं.

कोमट. चिकट. बोट उचललं तर तार सुटली... आणि वास. आत्याबाईंच्या पिकदाणीचा.

मी बोट पदराला खसाखसा पुसलं.

"त्यांचे श्वास परत घाला आधी!"

"कायमचे पुसलेत, वहिनी."

स्पीकरमधून कण्हणं येत होतं. भाऊजींचं मन मेणाचं. माइकपुढे बसले, स्वतःचे श्वास रेकॉर्ड केले आणि त्या जागी घातले.

आवाज मोकळा झाला. भिंत उजळली.

"जमलं की, व... हिनी."

तेवढा शब्दही त्यांना एका दमात म्हणता आला नाही.

आता घरघर त्यांच्या छातीत आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं स्वच्छ आहेत. पण रोज सकाळी उशीवर तोच चिकट थर. मीच धुते. हात कितीही घासा, वास जात नाही.

ते गाणं भाऊजी दिवसरात्र लावून ठेवायचे. एकदा वैतागून मी संगणकच बंद केला.

शेजारच्या खोलीतली घरघर... थांबली.

धावत गेले. तोंड उघडं, ओठ निळे. गाणं पुन्हा लावलं, तेव्हा कुठे छाती हलली.

तेव्हापासून ते चालूच आहे. ऐकू येतंय ना? सगळे म्हणतात, किती गोड! मला मात्र शिसारी येते. देवा, क्षमा कर... तुझ्याच गाण्याची शिसारी येते.

आत्याबाईंसाठी काही मागायला माझं तोंड उघडत नाही. पण तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या भाऊजींची तेवढी आठवण ठेवा.