घोडा कुरियरनं येतोय!

मुनिया मरणाच्या दारात होती, आणि तिला वाचवायला डॉक्टर कमलिनी निघाली होती ती घोडा नसलेली बंदूक घेऊन!

मुनिया म्हणजे दोह्याच्या उत्तरेला असलेल्या मदिनत अश शमालजवळच्या एका फार्मवरची पांढरीशुभ्र ओरिक्स हरिणी. शिंगं भाल्यासारखी, पोटात पाडस. कुंपण मोडून ती वाळवंटात पळाली, आणि मजुरांच्या एका उठून गेलेल्या तळावर पाणी हुंगताना तिनं रंगाच्या रिकाम्या बादलीत तोंड घातलं. कडी शिंगांमागे अडकली, बादली तोंडावर घट्ट बसली. परवापासून पाण्याचा थेंब नाही की पाल्याची काडी नाही. वर जूनचं ऊन! आज बेशुद्ध करून बादली काढली नाही, तर एका फटक्यात दोन जीव जाणार होते.

बेशुद्धीचं औषध होतं. औषधाची सुई लांबून मारणारी कमलिनीची स्वतःची बंदूकही होती. नव्हता तो फक्त तिचा घोडा. तो का नव्हता हे आठवलं की कमलिनीच्या कानांतून वाफ निघे. लँड क्रूझरच्या काचा आतून धुरकटल्या होत्या, त्या काही एसीमुळे नव्हे!

"एक अक्षर बोलू नकोस, गिरीश!"

गिरीश बोललाच नव्हता. तो मुकाट गाडी हाकत होता. एरवी 'अहो' म्हणणारी बायको नाव घेऊन हाक मारू लागली की शहाण्यानं डोक्यावर हेल्मेट चढवावं, हे त्या गॅस प्लांटवरच्या इंजिनिअरला पुरतं ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. बंदुकीचा घोडा अडकायला लागला, म्हणून सुट्टीत कमलिनीनं ती पुण्याच्या कारागिराकडे नेली. नेली ती विमानानं आणि उजळ माथ्यानं. कुलूपबंद पेटी, दोन्ही देशांचे परवाने, आणि काउंटरवर ठणठणीत आवाजात, "यात बंदूक आहे." पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. साहेब आले, साहेबांचे साहेब आले. डोकं उठलं, पण बंदूक पोचली! परतायच्या दिवशी घोड्याची स्प्रिंग तयार नव्हती. "राहू दे, पुढच्या खेपेला मी स्वतः नेईन," असं सांगून ती बिनघोड्याची बंदूक घेऊन आली. तर या गृहस्थांनी मागच्या मागे बहिणीला, शशिकलाला, फोन लावला.

"ताई, कुरियर कर गं. दारात आणून देतात. फक्त बंदूक हा शब्द काढू नकोस, उगाच भानगड नको."

शशिकलाताई शब्दाची पक्की. खोक्यात काय आहे, असं कुरियरच्या पोरानं विचारलं तेव्हा तिनं बंदूक गिळली आणि उरलं तेवढं सांगितलं, "घोडा." त्यानं टाइप केलं, 'हॉर्स'!

तेव्हापासून दोह्याच्या त्या कंपनीचे फोन सुरू होते. मॅडम, घोड्याला लस टोचलीय का? मॅडम, घोडा की घोडी? मॅडम, जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल.

"अरे, मीच डॉक्टर आहे जनावरांची!" कमलिनी किंचाळली होती.

"मग तर फारच सोपं झालं, मॅडम!"

आज सकाळी त्यांचा मॅनेजर अरहान अगदी लोण्यासारखा बोलला. "माफ करा, मॅडम. घोडा आज मिळणार, इन्शाल्ला. लोकेशन पाठवा."

"संध्याकाळपर्यंत माझा घोडा आला नाही, तर तुझ्या गोदामाचा तबेला करीन!" असं म्हणून तिनं भर वाळवंटाचं लोकेशन पाठवून दिलं होतं.

"मॅडम, ती बघा आमची बायो!" मागच्या सीटवरून सागर ओरडला. हा फार्मचा मॅनेजर, मूळचा मालवणचा.

लांब, तापलेल्या हवेच्या लाटांत एक पांढरा ठिपका डुलत होता. इंजिनाचा आवाज ऐकताच मुनिया उधळली! आंधळ्यासारखी ठेचकाळत, बादली दगडांवर आपटत ती समुद्राच्या बाजूला धावली. गिरीशनं गाडी वळवली.

"तिकडून नको! सब्खा आहे तिथं!" कमलिनी ओरडली.

उशीर झाला. वरून मिठाची पांढरी खपली, खाली काळा चिखल! खपली फुटली. चाकं फिरली, रुतली. गाडी पोटावर बसली.

"समोरून टणक दिसत होतं गं..."

"तुला सगळंच समोरून टणक दिसतं! कुरियरसुद्धा!"

ती दार ढकलून उतरली. तंबूची काठी घेतली, टोकाला औषधाची सिरिंज करकचून बांधली आणि चालत सुटली. मिठावरून उठणारी झळ तोंड भाजून काढत होती. वाराही सुटला होता, दातांखाली वाळू करकरत होती. मुनिया थकून उभी होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. वीस पावलं... दहा... आणि तिला माणसाची चाहूल लागली!

शिंगं खाली झाली. मुनिया सुसाट आली! कमलिनीनं अंग टाकलं. शिंग बाही फाडून गेलं. काठी उडाली. ती मिठात तोंडावर पडली आणि उठली तेव्हा भाजणीच्या थालीपिठासारखी दिसत होती.

"कमल! लागलं का?"

"घोडा असता ना, गिरीश, तर पन्नास पावलांवरून काम झालं असतं! बंदूक म्हणायची लाज वाटली तुला! आता हिच्या पोटातल्या पाडसाला सांग, भानगड नको म्हणून!"

तिकडे मुनियाचे पुढचे पाय लटपटले. ती गुडघ्यांवर आली, धडपडत उठली. पुढच्या वेळी उठणार नव्हती.

तेवढ्यात धुळीतून एक पिकअप आली. मागे ट्रेलर. ड्रायव्हर उतरला, त्यानं मोबाइल पाहिला आणि अदबीनं विचारलं, "डॉक्टर कमलिनी? आपका घोड़ा!"

फळी खाली पडली. आतून चार पायांची, तुकतुकीत तांबडी घोडी टापा आपटत बाहेर आली!

"घोडो इलो!" सागर मटकन खालीच बसला.

फोन वाजला. पलीकडे अरहान रडकुंडीला आलेला. "मॅडम, गोदाम उलटं केलं. तुमचा घोडा आमच्याकडून हरवला! ओळखीच्या तबेल्यातून हा आणलाय. तोवर हा ठेवा, पण ओरडू नका!"

कमलिनीनं फुप्फुसं भरून श्वास घेतला. आता जो आवाज निघणार होता, तो बहारीनपर्यंत ऐकू गेला असता! पण तो निघालाच नाही. कारण समोर मुनियानं मान वर केली होती. तिचे कान ताठ झाले होते. घोडीच्या टापा तिला ऐकू आल्या होत्या, आणि ती पळत नव्हती!

"सागर, हिच्या शेजारी फार्मवर काय बांधता?"

"घोडे, मॅडम. लहानपणापासून त्यांच्याबरोबरच चरते ती."

कमलिनीनं काठी उचलली, लगाम धरला आणि घोडीच्या खांद्याआड लपून निघाली. घोडी जपून पाय टाकी. मीठ कुरकुरे. घोडी फुरफुरली. मुनियानं बादलीतून घुसमटलेला हुंकार दिला. आणखी चार पावलं. आता! काठी सुटली. सुई मांडीत रुतली. मुनिया उसळली, शिंगं हवेत फिरली, घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. पण कमलिनीनं लगाम सोडला नाही!

थोड्या वेळानं मुनिया शांत आडवी झाली.

"यल्ला, चला लवकर! पाणी आणा! शर्ट काढ, गिरीश!"

गिरीशच्या शर्टानं तिचे डोळे झाकले. सागरनं अंगावर पाणी ओतलं. कमलिनीनं कात्रीनं कडी तोडली, बादली कापून भिरकावली आणि पोटाला नळी लावून कान दिला. आत टकटक चालू होती. भराभर, हट्टी. तिनं डोळे पुसले आणि डोळ्यांत मीठ गेलं म्हणून गिरीशलाच झापलं.

उतारा टोचल्यावर मुनिया उठली, घमेल्यात तोंड घालून पाणी पिऊ लागली आणि थांबेचना.

गाडी पिकअपनं ओढून काढली. तोवर अरहानचा फोन आला. "मॅडम, खोकं सापडलं. कस्टमनं उघडलं. आत बंदुकीचा भाग आणि कागद एकही नाही! ते परत पुण्याला जाणार, आणि ते मागवणाऱ्या गिरीशसाहेबांना उद्या जबाबाला बोलावलंय. आणि मॅडम... आमची घोडी?"

"येईल," कमलिनी म्हणाली. "पण तिच्या कागदावर घोडीच लिही. तिथं तरी खरं लिही."

तिनं फोन ठेवला. शेजारी गिरीश उघड्या अंगानं, उन्हात लालबुंद होऊन उभा होता.

"कमल, घोडा परत आणायचा कसा?"

"माझ्याबरोबर, विमानानं, तोंडानं बंदूक म्हणून," ती म्हणाली. "आणि गिरीश, तू ये कुरियरनं!"