पेडलवरचा पाय

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकाशी बसून हवेचा नट ढिला करायचा, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. मिस्त्रीच्या गॅरेजात ते दुसरं माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिची आपली एक लकब होती: दोनदा भरभर दाबायचं, मग एक लांब दाब, आणि वरून हाक, "धरलंय रे दादा!" वर्षापूर्वी गॅरेजसमोरच्या उतारावर एका राखाडी गाडीने तिला उडवलं. तेव्हापासून मिस्त्री गिऱ्हाइकालाच आत बसवत असे.

तीच राखाडी गाडी एका दुपारी त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"सुटली एकदाची कोर्टातून," गाडीचा मालक, एक कंत्राटदार, उतरत म्हणाला. "ब्रेक ऑइल अजून गळतंय. तेवढं बंद करून द्या."

मिस्त्रीच्या मस्तकात तिडीक गेली. "गळतंय हे ठाऊक असून चालवलीत तुम्ही. माझी बहीण गेली."

"चालवली. पण त्या सकाळी आधी तुमच्याकडेच आणली होती ना? आज वेळ नाही, हळू चालवा, काही होत नाही, असं कोण म्हणालं?" कंत्राटदाराने आवाज खाली आणला. "कोर्टात मी हे बोललो नाही, मिस्त्री."

मिस्त्रीने जॅक लावला. मागचं डावं चाक आतून ओलंचिंब होतं. सिलिंडरचं रबर कुजलेलं, पाइपला गंजून बारीक भोक पडलेलं. एक नट अर्धा पीळ ढिला ठेवला की झालं, त्याच्या मनात आलं. पण हात कामाला सरावलेले होते. त्यांनी नवा पाइप जोडला, नवं सिलिंडर बसवलं, नट आवळला, फडक्याने पुसून बोट फिरवून पाहिलं. ठणठणीत कोरडं.

"आत बसा. सांगेन तसं पेडल दाबा."

कंत्राटदार बसला. हवेच्या नटाला लावलेल्या नळीतून बुडबुडे येऊ लागले.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

असं पाच-सहा वेळा झालं. मग आतून उत्तर येईना, पण पेडलचा आवाज येत राहिला.

दोनदा भरभर. मग एक लांब.

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. कंत्राटदार रस्त्यापलीकडे पाठमोरा, फोनवर बोलत उभा होता.

गाडी रिकामी होती. पेडल तळापर्यंत दबलेलं होतं.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण छातीत उसळला तो आनंद, कडवट, वर्षभर मुरलेला.

"सोडू नकोस त्याला," तो पुटपुटला.

पेडल सावकाश वर आलं.

कंत्राटदाराने अंगणात तीनदा ब्रेक मारून पाहिला. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. "हात सोन्याचे आहेत हो," म्हणत तो उताराला लागला.

वळणावर गाडी वळलीच नाही.

संध्याकाळी फौजदार आला. "ब्रेक तपासले. थेंबभर गळती नाही. तुमच्या कामात खोट नाही, मिस्त्री."

"आणि तो?"

"गेला. पण थोडा वेळ शुद्धीवर होता." फौजदाराने टोपी काढून हातात घेतली. "एकच घोकत होता. मी जीव खाऊन दाबत होतो, पण खालून कुणीतरी पायाने पेडल वर लोटत होतं. आणि आणखी एक म्हणाला."

"काय?"

"ती विचारत होती म्हणे, त्या सकाळी गाडी तशीच सोडली कुणी? म्हणाला, मी नाव सांगितलं."

फौजदार गेला. मिस्त्रीने शटर ओढलं, चपला काढून आपल्या टेम्पोत बसला आणि सवयीने हँडब्रेक खाली केला. टेम्पो उतारावर हळूच हलला.

त्याने अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

पेडलचं रबर कोमट होतं.