राघोबाचा खांदा

सन दोन हजार बावीस, मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दुपारी आपल्याकडं घरात कुणी नसतं, सगळा गाव शेतात जेवतो. मंठाळचा माणिकराव मात्र थोरल्या भावाच्या, राघोबाच्या अस्थी घेऊन कर्नाटकातल्या कुमठ्याच्या पुढं समुद्राकडं निघाला होता. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. खोटं बोलत नाही.

बांधाच्या भांडणापायी त्यानं राघोबाच्या तिरडीला खांदा दिला नव्हता. लॉरी चालवताना राघोबानं कड्याखाली एक ओसाड किनारा पाहिला होता. माझी राख तिथंच सोडा, असं सांगून तो गेला. राघोबाची बायको कमलबाई हिनं दिराच्या हातात अस्थींचं गाडगं दिलं.

"खांदा दिला न्हाईत. राख तरी न्या, भावजी."

रिक्षावाल्यानं अर्ध्यातच उतरवलं. पुढं रस्ता नाही, टपरी नाही. नुसते काटे आणि घसरडी उतरण. चपलेचा अंगठा तुटला.

"मेल्यावर बी आडवाटंलाच न्यायलास व्हय?" माणिकराव गाडग्यावर खेकसला.

"फोन करायचा की, आज्जा."

रेंज नव्हती. गोष्ट सांगताना मधी बोलू नको, पोरा.

उतरण संपली, की खडकाला वळसा घालून ओल्या वाळूनं आत जायचं. तेवढी एकच वाट. शिंपल्या वेचून परतणारी बाई कानडीत म्हणाली, "लवकर निघ, अण्णा. पाणी येतं."

"कुठून येतंय? आमची भीमा बी जिथल्या तिथं असती."

आत तिन्ही बाजूंनी कडे होते. त्यानं राख सोडली. आंघोळ केली. संगमावर बसावं तसा निवांत बसला. उठला तेव्हा दिवस बुडाला होता.

वाट नव्हती. तिथं पाणी होतं.

तो चिडून तसाच शिरला. कमरेएवढं पाणी. मग छातीएवढं. अमावस्येचा अंधार. लाटेनं खडकावर आपटलं. पाय सुटले...

तेवढ्यात पुढं माणसं दिसली. दोघं. मागं एक. तिघंही खांद्यावर काहीतरी घेऊन चालले होते. पाठी दिसत होत्या. तोंडं नाहीत.

चौथी जागा मोकळी होती.

"लहान्या..."

राघोबाचा आवाज वरून आला. खांद्याच्या उंचीवरून.

माणिकराव पुढं सरकला. खांदा लावला. वजन पडलं. माणसाचं वजन. पायाखाली जमीन लागली. तो चालला... चालला...

मग वजन गेलं. तो कोरड्या उतरणीवर एकटाच उभा होता.

गावी आल्यावर त्यानं कमलबाईपुढं सदरा उतरवला. उजव्या खांद्यावर बांबूचा काळा वळ. त्यात सुतळीचे पेडसुद्धा उमटलेले.

तिनं त्या वळावरनं बोट फिरवलं.

"फिटलं," म्हणाली.