कडेवरचं ओझं

ताईची कंबर दुखत होती म्हणून मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. एवढंच काम. दुपारची वेळ, दवाखान्यात गर्दी नव्हती, फिनेलचा वास आणि पंख्याची कुरकुर. टेबलामागची नर्स मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. वर न बघताच ती म्हणाली, "बाळाला यांच्याकडे द्या, आणि काट्यावर उभ्या राहा."

मी हसणार होते. ताईचा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच आहे. पण ताई हसली नाही. ती माझ्याकडे वळली, डावी कंबर जरा पुढे केली, आणि हात सैल सोडला.

माझ्या हातांवर काहीतरी आलं.

दिसत काहीच नव्हतं. पण झोपलेलं मूल जसं अंग टाकून देतं ना, तसं उबदार वजन. केसांना साबणाचा वास. मी ओरडले नाही, कारण ते जागं होईल असं मला वाटलं... नर्सने वर पाहिलं, गोंधळली. "माफ करा हं, मला वाटलं..." आणि पुन्हा मान खाली घातली.

बाहेर बाकावर बसल्यावर ताईने सांगितलं. ते ओझं तेव्हा पुन्हा तिच्या कडेवर गेलं होतं.

बालवाडीतून निवृत्त झाल्यावर ताई परदेशातल्या एका अनाथालयात सेवेला गेली होती. भाषा येत नव्हती, पण मुलांना त्याचं काय, ती तिला लगेच बिलगली. भरवायचं, न्हाऊ घालायचं, दुपारी थोपटून निजवायचं. त्यांतली एक चिमणीएवढी पोर तर कडेवरून उतरेचना. ताई तिला चिमणीच म्हणायची. तिथे मुलांचं सगळं बघणारी एक मावशी होती. मोडक्यातोडक्या भाषेत तिने ताईला पहिल्याच आठवड्यात बजावलं, "उचलू नका. तुम्ही जाल. पोरं राहतील."

"मला वाटलं, बाईचं काळीज दगडाचं आहे," ताई म्हणाली.

निघायच्या दिवशी चिमणी रडेल, म्हणून ताई मुलं निजलेली असताना निघाली. चिमणीची मूठ तिच्या ओढणीत होती. एकेक बोट सोडवलं आणि चोरपावलांनी बाहेर पडली.

"विमानातच जाणवलं," ती म्हणाली. "मला वाटलं, सवय आहे. जाईल."

"मावशींना फोन केलास?"

"केला. म्हणाल्या, चिमणी बरी आहे. जेवते, खेळते. पण..." ताईने कडेवरचा हात घट्ट केला. "हलकी होत चाललीय. वारा असला की अंगणात सोडायला भीती वाटते म्हणे."

भाऊजींना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि ताईला डोळे वर करून बोलायची हिंमत उरली नव्हती. 'तिथल्या मुलांना भेटून येतो' म्हणालो आणि निघालो.

अनाथालयाच्या पायरीवर चिमणी बसली होती. वाळक्या पानासारखी. मावशीने तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवला होता. ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि डावा हात हळूहळू सैल केला, दवाखान्यात केला होता तसा.

पायरीवर धप्प असा आवाज झाला.

चिमणी उठली. ताईकडे एकदा बघितलं, अनोळखी बाईकडे बघावं तसं, आणि घसरगुंडीकडे पळत गेली. ताई तिथेच बसून रडली. मला वाटलं, सुटलो.

या वेळी सगळी मुलं जागी असताना आम्ही निरोप घेतला. पोरं भिंतीशी ओळीने उभी होती. एकही रडलं नाही. फाटकापाशी मावशी म्हणाली, "चिमणीचं झालं. पण उचललं तर तुम्ही सगळ्यांनाच होतं ना?"

ताईचा चेहरा उतरला. येतानाचा प्रवास तिने खिडकीशी डोकं टेकून केला. मी विचारलं, "कंबर?" ती म्हणाली, "ठीक आहे. कडेवर कुणी नाही." तिचा चेहरा मात्र फाटकापाशी होता तसाच होता.

घरी पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. भाऊजींनी दार उघडलं, ताईच्या हातातली बॅग घेतली. ताई आत गेली, मागोमाग मी. भाऊजी दाराला हात लावून तसेच उभे राहिले. पाय आवरून भिंतीला टेकले आणि उंबऱ्याकडे बघू लागले.

"दार लावा ना," ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"थांब," भाऊजी म्हणाले, "अजून येतायत..."